नसलेले पाणी

छायाचित्रात मुळीच नसलेले पाणी आणून सोडण्याची विद्या मी गेल्या पावसाळ्यात हस्तगत केली. विद्या हा शब्द जरा मोठा झाला, हे मला मान्य आहे. परंतु ज्या गृहस्थाचा सारा दिवस ई-ऑफिसच्या हिरव्या टिपणीवर 'अवलोकनार्थ सादर' एवढीच वाङ्मयनिर्मिती करण्यात जातो, त्याला संध्याकाळी सातनंतर घरच्या संगणकावर एका टिचकीसरशी तळे निर्माण करता यावे, याचा त्याला थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी तो क्षम्य मानावा. माझ्या हाताशी 'गिम्प' नावाचे सॉफ्टवेअर होते. 1995 साली बर्कली येथे शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी ते आरंभिले आणि आजही ते विनामूल्य मिळते. सुखवस्तू मंडळी याच कामासाठी फोटोशॉप वापरतात. लिपिकाच्या वेतनश्रेणीला गिम्प मानवते.

निमित्त घरगुती होते. माझे थोरले मामा यंदा पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांच्या अमृतमहोत्सवासाठी एक मोठे छायाचित्र चौकटीत बसवून द्यावे, असे मामेभावाच्या मनात आले आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर त्याने एक जुने चित्र पाठविले. 1971 सालचे, माझ्या मावशीच्या लग्नातले. माझे आजोळ भीमेच्या काठी, इंदापूर तालुक्यात. तेथील देवळाच्या भिंतीपुढे अकरा माणसे उभी आहेत; मागे दीपमाळ आहे; कोपऱ्यात परकर-पोलक्यातली एक मुलगी डोळ्यांवर हात धरून उन्हाकडे पाहते आहे, ती माझी आई. चित्राचा वरचा दोन-तृतीयांश भाग बऱ्यापैकी शाबूत आहे. खालचा भाग मात्र तपकिरी डागाने पार खाऊन टाकला आहे, इतका की माणसांच्या पायांखाली काय होते ते दिसतच नाही. मामेभावाने लिहिले होते, 'तिथं पाणी दाखवता येईल का? हलतं पाणी, आणि त्यात सगळ्यांची प्रतिबिंबं. तू सरकारी माणूस, तुला संध्याकाळी वेळ असतो.'

शेवटच्या वाक्याचा प्रतिवाद करण्याची ही जागा नव्हे. युक्ती मात्र खरोखर नामी होती. शाबूत भागाचीच उलटी प्रत खाली जोडली की फाटकेतुटके सारे आपोआप झाकले जाते; कोणाला काही नवे रंगवावे लागत नाही. जुन्या फोटो स्टुडिओंत तळे आणि त्यातले हंस रंगविलेला पडदा मागे टांगीत असत आणि त्यापुढे नवविवाहित जोडपी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहत. तो पडदा आता माणसांच्या मागून निघून त्यांच्या पायांखाली आला आहे, इतकाच काय तो फरक.

कृती फारशी अवघड नाही. चित्राचा कागद खालच्या बाजूने वाढवून घ्यावयाचा. चित्राची एक प्रत वेगळ्या थरावर काढून ती उभी उलटी करावयाची आणि काठाला काठ लावून खाली बसवावयाची. आता आरसा झाला. पाणी झाले नाही. मग 'रिपल' नावाचा फिल्टर बोलवावयाचा. तो दोन गोष्टी प्रामुख्याने विचारतो: तरंगाची उंची किती आणि दोन तरंगांमधले अंतर किती. आपण आकडे सांगितले की तो चित्रातील ठिपक्यांची एक ओळ थोडी डावीकडे सरकवितो, तिच्याखालची थोडी अधिक, पुढली आणखी अधिक, आणि मग हळूहळू उलट दिशेने. शाळेत आपण ज्याचा आलेख काढला होता त्या 'साइन'च्या वळणाने हे सरकणे चालते. उभे खांब नागमोडी होतात, चेहरे लवतात आणि डोळा फसून म्हणतो, हे पाणी. वर्तुळाकार तरंग हवे असतील तर 'वेव्ह्ज' नावाचा दुसरा फिल्टर आहे; त्याला मध्यबिंदू दाखवून दिला की तेथे नुकताच कोणी खडा टाकला असावा असा देखावा होतो. शेवटी प्रतिबिंब थोडे काळवंडावयाचे, थोडे अस्पष्ट करावयाचे आणि खाली खाली विरत न्यावयाचे.

पहिल्याच रात्री मला यातली मौज कळली, ती अशी की या सगळ्या उद्योगात पाण्याचा एक थेंबही कोठून आणलेला नसतो. निळा रंगदेखील लागत नाही. चित्रातलेच कण उचलून शेजारी ठेवायचे, एवढेच काम. आणि त्या सरकविण्यालाच आपण पाणी म्हणतो. पुढे मी 'डिस्प्लेस' या फिल्टरपर्यंत पोचलो तेव्हा तर ही गोष्ट अगदी उघडी झाली. त्याला मूळ चित्राबरोबर एक राखाडी नकाशा द्यावा लागतो. काळ्याला शून्य आणि पांढऱ्याला 255 असे धरले, तर नकाशात जेथे मधली म्हणजे 128 ची छटा असेल तेथला चित्राचा कण जागचा हलत नाही. नकाशा त्याहून उजळ असेल तर कण एका बाजूला ढकलला जातो, गडद असेल तर दुसऱ्या बाजूला. कोणी किती सरकायचे हे त्या कणाच्या हाती नसते, नकाशाच्या हाती असते. केंद्र सरकारच्या कचेरीत राजभाषेच्या कृपेने प्रत्येक इंग्रजी शब्दाचा हिंदी प्रतिशब्द मनात आपोआप उमटतो. फिल्टरच्या नावाखाली मला तो दिसला: विस्थापन. मी क्षणभर माऊसवरून हात काढला. आजोळच्या माणसांच्या सरकारी कागदांवर हाच शब्द आहे.

परंतु त्याकडे नंतर वळू. आधी माझे पाणी खोटे का दिसत होते, ते सांगतो. खोटे ते होतेच; पण चांगले खोटे दिसत नव्हते. पदवीपरीक्षेला मी भौतिकशास्त्र घेतले होते, त्याचा कचेरीत कधी उपयोग झाला नाही तो येथे झाला. शंका फेडण्यासाठी मी तीन-चार संध्याकाळी बड्या तलावावर जाऊन बसलो. भोपाळला नेमणूक झालेल्या माणसाला तळ्याची वाण नाही. अकराव्या शतकात राजा भोजाने बांधविला असे मानतात तो हा तलाव, कचेरी सुटल्यावर कोणालाही फुकट पाहता येतो.

तेथे दिसले ते असे. पायांजवळचे पाणी आरसा नसतेच. त्यातून तळचे दगड दिसतात. पाण्याकडे सरळ खाली पाहिले तर पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा 2 च्या आसपासच परत फिरतो, बाकीचा आत शिरतो. दृष्टी जसजशी तिरपी होत दूर जावी तसतसा आरसा उजळत जातो. माझ्या चित्रात नेमके उलटे होते असे नव्हे, पण सगळीकडे सारखे होते, आणि सारखेपणा हीच खोटेपणाची खूण. तरंगांचेही तेच. फिल्टरचे तरंग जवळ आणि दूर एकाच मापाचे पडतात. तलावावर जवळचा तरंग वीतभर दिसतो आणि पलीकडच्या काठाशी तरंग नव्हेच, नुसती बारीक रेघ दिसते. व्ही.आय.पी. रोडवरचे दिवे लागले की प्रत्येक दिव्याची पाण्यात लांबच लांब उभी पट्टी होते. वारा सुटला की ती मोडते, परंतु रुंद होण्यापेक्षा लांबच अधिक होते. मी मात्र माझी माणसे आडवीच हालवीत बसलो होतो. शिवाय खऱ्या पाण्यावर मोठ्या तरंगांच्या अंगावर बारीक तरंग असतात. सुमारे 1.7 सेंटिमीटरहून आखूड तरंगांवर पृष्ठताणाचा अंमल असतो, त्याहून लांब तरंगांवर गुरुत्वाकर्षणाचा. आणि नेमका या सरहद्दीवरचा तरंग सर्वांत मंद, सेकंदाला 23 सेंटिमीटर चालणारा. हे दोन धनी एकाच पाण्याला दोन तऱ्हांनी राबवितात, म्हणून ते जिवंत दिसते. आपला फिल्टर बिचारा एकाच धन्याची चाकरी जाणतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी लक्षात आली. पाण्यातले प्रतिबिंब म्हणजे उलटी केलेली प्रत नव्हेच. आपला डोळा पाण्याच्या वर जितका उंच, तितकाच पाण्याखाली दुसरा डोळा ठेवून पाहिले असता जे दिसेल ते प्रतिबिंब. म्हणून काठावरच्या झाडामागची टेकडी पाण्यात ठेंगणी होते, कधी झाडाआड जाते. छज्जाची खालची बाजू, जी वरून दिसत नाही, ती पाण्यात दिसते. आणि काठावरचा माणूस पाण्यापासून जितक्या उंचीवर उभा असेल तितके अंतर सोडूनच त्याचे प्रतिबिंब सुरू होते. मधल्या जागेत त्याच्या पायांखालचा काठ उलटा दिसतो. माझ्या चित्रात अकराही माणसांच्या तळव्यांना त्यांच्याच प्रतिबिंबाचे तळवे चिकटले होते, जणू सर्व जण घोट्यापर्यंत येऊ पाहणाऱ्या पाण्याच्या कडेला टेकले होते. तेव्हा योग्य चित्र करावयाचे तर एक माहिती अत्यावश्यक झाली: माणसांच्या पायांपासून पाण्यापर्यंत पायऱ्या किती?

ही माहिती देणारे माणूस घरातच होते. आई चातुर्मासात माझ्याकडे असते आणि छायाचित्राची मूळ प्रत तिच्याच ट्रंकेत आहे. इंचाला 600 ठिपके घेऊन मी ती स्कॅन केली होती. मी तिला विचारले, "आई, देवळापासून नदीपर्यंत पायऱ्या किती होत्या?"

"कुठल्या दिवसांत?" आईने विचारले.

मला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. आई शेंगा सोलीत होती, तिने हात थांबविला नाही. चैत्रात सगळ्या उघड्या पडायच्या, एकवीस. त्यांच्याही खाली वाळू, आणि वाळू तुडवीत गेले की मग पाणी. श्रावणात मधल्या कट्ट्याला पाणी लागायचे. मोठा पूर आला तर वरच्या पाच-सहाच उरायच्या, तेव्हा बायका धुणे वर आणीत. तिने हे सारे असे सांगितले की, जणू कोणी कचेरीतून माहिती मागविली आहे आणि ती मुदतीत पाठवावयाची आहे. मग तिने स्वतःच विचारले, "फोटो कधीचा? लग्नातला ना? म्हणजे वैशाखातला. वैशाखात कुठलं आलंय पाणी?"

मी तिला पडद्यावरचे चित्र दाखविले. तोपर्यंत ते बरेच सुधारले होते. राखाडी नकाशा मी दूरच्या बाजूला दाबून आणि जवळच्या बाजूला ताणून घेतला होता, त्यामुळे तरंग अंतराप्रमाणे लहान होत गेले होते. जवळचे पाणी गडद केले होते. दीपमाळेचे प्रतिबिंब उभे ताणले होते. शेजारच्या क्वार्टरमधील गृहस्थांनी दुपारीच ते पाहून 'वाह, बिल्कुल असली' असा अभिप्राय दिला होता. आईने चष्मा पुसला आणि बराच वेळ पाहिले. एकेकाची नावे घेतली. मग म्हणाली, "पाणी इथवर आलं तेव्हा इथं कोणी नव्हतं रे."

एवढेच. तिच्या स्वरात तक्रार नव्हती. एखाद्या टिपणीत तारीख चुकल्याचे ज्येष्ठ सहकाऱ्याने दाखवून द्यावे, तसे ते वाक्य होते.

उजनीचे धरण 1980 साली पुरे झाले. त्याच्या आधीच आजोळची मंडळी गाव सोडून वरच्या माळावरच्या नव्या गावठाणात गेली होती. आई तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. पुण्याहून सोलापूरला मोटारीने जाताना भिगवणपासून पुढे डाव्या हाताला जे विस्तीर्ण पाणी दिसते, जेथे हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला माणसे दुर्बिणी घेऊन येतात, त्या पाण्याखाली अशी कितीतरी गावे आहेत. पळसदेवच्या पळसनाथाचे देऊळ पाणी फार उतरले की वर येते आणि वर्तमानपत्रांत त्याची चित्रे येतात. धरण झाले ते बरे की वाईट, हा प्रश्न मी आईला कधी विचारलेला नाही. तिच्या एका भावाचा ऊस त्याच पाण्यावर उभा आहे. या गोष्टी आमच्या घरात अशाच शेजारी शेजारी राहतात. भोपाळजवळ भोजपूरला याच्या उलट घडले. तेथेही भोजाचा एक प्रचंड तलाव होता, आणि माळव्याच्या होशंगशहाने त्याचा बांध फोडला असे सांगतात. पाणी गेले, जमीन उघडी पडली, आता तेथे शेती आहे. आईला मी ते अर्धवट राहिलेले शिवमंदिर दाखवायला नेले होते. तिने देव पाहिला आणि मग बाहेर येऊन बराच वेळ शेतांकडे पाहत उभी राहिली. इथल्या लोकांना परत मिळालं की, असे काहीसे म्हणाली.

मी मामांना फोन केला. पाणी काढून टाकावे असे माझे मत झाले होते आणि ते त्यांना पटेल असे मी धरून चाललो होतो. मामांनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले, "नाही, पाणी असू दे."

"पण मामा, तुम्हीच सांगा, वैशाखात—"

"वैशाख राहू दे बाजूला. मी त्या पाण्यात पोहायला शिकलो. तुझ्या आईला मुलगी म्हणून कोणी पोहू दिलं नाही, तिला नदी पायरीवरूनच ठाऊक. आता इथल्या पोरांना विचार, नदी कुठाय, तर धरणाकडं बोट दाखवतात. लोक म्हणतात आमचं गाव पाण्याखाली गेलं. अरे, आमची नदीसुद्धा पाण्याखालीच गेली. फोटोत तरी असू दे."

यावर लिपिकाने काय शेरा मारावा? आईच्या दृष्टीने चित्रातले पाणी धरणाचे होते आणि ते पाच-सहा वर्षे आधी आले होते. मामांच्या दृष्टीने ते नदीचे होते आणि चैत्र-वैशाखाचा हिशेब त्याला लागू नव्हता. ठिपके तेच, तरंग तेच, नकाशाही तोच. मी तीन आठवडे तरंग खरे दिसतात की नाही याची चिंता वाहत होतो. ती चिंता या दोघांनाही नव्हती. मामांनी तर मोबाइलच्या पडद्यावर चित्र पाहिले होते, त्यात तरंग धड दिसतही नसतील.

मामांचा मान राखून त्यांच्यासाठी मी पाण्याचे चित्र पुरे केले. एक सुधारणा मात्र आईच्या माहितीवरून केली. माणसांच्या तळव्यांखाली सहा पायऱ्या काढल्या, आणि त्यांच्याखाली पाणी सुरू केले. म्हणजे मोठ्या पुराचे दिवस झाले, पण कोणाच्या पायांना पाणी लागले नाही. पायऱ्यांचे दगड देवळाच्या भिंतीतलेच उचलून बसविले. सहा पायऱ्या उलट्या होऊन पाण्यात उतरल्यावर माणसांची प्रतिबिंबे बरीच खाली गेली, अस्पष्ट झाली. मामेभावाला ते आवडले नाही. 'चेहरे दिसत नाहीत,' असे त्याने कळविले. हलत्या पाण्यात चेहरे दिसत नसतात, हे त्याला मी सविस्तर लिहिले. त्याने अंगठा पाठविला. ते चित्र आता मामांच्या बैठकीत आहे, आणि समारंभाला आलेल्या जुन्या मंडळींपैकी दोघातिघांनी त्यापुढे उभे राहून आपण कोठून उडी मारीत होतो ते बोटाने दाखविले, असे समजले. ज्या जागी बोट टेकले ती जागा मी डिस्प्लेसने केलेली.

आईसाठी निराळी प्रत काढावयाची होती. तिच्यासाठी मी डाग काढण्यास आरंभ केला, तेव्हा तिने विचारले, तो कशाला काढतोस? मी म्हटले, खराब दिसतो. तेव्हा कळले की नव्या गावठाणातल्या पहिल्या पावसाळ्यात पत्रा गळला आणि ट्रंकेत पाणी शिरले, त्याचा तो डाग. पत्रिका, दोन साड्या आणि हा फोटो, एवढे भिजले. बाकीचे आजीने उन्हात वाळवून सरळ केले, हा मात्र तसाच राहिला. मी पडदा मोठा करून पाहिला. ओल वाळताना जेथे जेथे थांबली तेथे तेथे एकेक गडद कड राहिली होती. एकीमागे एक अशा सात-आठ वाकड्या कडा होत्या, कोठे जवळ जवळ, कोठे दूर. कोणतीही दोन अंतरे सारखी नव्हती.

मी डागाला हात लावला नाही. फक्त उजेड-अंधार नीट केला, दोन ओरखडे बुजविले, आणि न्यू मार्केटमधल्या एका दुकानात छपाईला नेले. आईही बरोबर आली होती. दुकानातल्या मुलाने चित्र संगणकावर उघडले, खालच्या तपकिरी भागाकडे बोट केले आणि सौजन्याने विचारले, "माताजी, ये नीचे का दाग हटा दूँ? दो मिनट का काम है। चाहो तो पानी का इफेक्ट डाल दूँगा।"

"नको रे, रहने दो भैया," आई म्हणाली. "उसके नीचे पायरी है।"

त्याला पायरी म्हणजे काय ते कळले नाही. मी सांगितले.